१९७२ ची सौम्य गाणी आणि एक गळालेले कडवे

शाळेत सकाळच्या प्रार्थनेला आम्ही ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’ हे इंग्रजी गाणे म्हणायचो. शाळा मिशनरी होती. अर्थ फारसा कळत नसे, पण चाल अशी होती की वर्गातला सर्वांत बेसूर मुलगाही तिच्यात सामावून जाई. घरी मात्र गाण्यांना जागा नव्हती. रेडिओवरच्या बातम्या संपल्या की अब्बा बटण फिरवत. कपाटात मोजक्या कॅसेटी होत्या. त्यात पैगंबरांच्या चरित्राची एक इंग्रजी कॅसेट होती. जुम्याच्या नमाजनंतर ती कधीकधी लागायची. निवेदकाचा आवाज शांत आणि थोडा खर्जातला होता. नाव होते यूसुफ इस्लाम.

कॉलेजात गेल्यावर मला कळले की शाळेतले ते गाणे जगभर पोहोचवणारा गायक आणि आमच्या कपाटातला तो निवेदक एकच माणूस आहे. गाताना त्याचे नाव कॅट स्टीव्हन्स होते. अब्बांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग शाळेत तू त्याचंच गाणं म्हणत होतास म्हण की!” त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होते.

तेव्हापासून त्या गाण्याच्या वर्षाविषयी मला कुतूहल आहे. मे १९७२ मध्ये ते अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या ‘ईझी लिसनिंग’ यादीत पहिल्या क्रमांकावर होते. त्या वर्षभरात या यादीच्या शिखरावर कोणकोण येऊन गेले हे पाहत गेलो, तसा गाण्यांपेक्षा वेगळाच इतिहास समोर आला.

आधी ही यादी काय होती ते सांगायला हवे. १९५० च्या दशकात रॉक अँड रोल आले आणि अमेरिकन रेडिओ दुभंगला. तरुणांना तो गोंगाट हवा होता. त्यांच्या आईवडिलांना आणि दुकानात, ऑफिसात, गाडीत रेडिओ लावणाऱ्यांना तो नको होता. अशा श्रोत्यांसाठी अनेक केंद्रे फक्त मऊ, सुरेल गाणी वाजवू लागली. त्यांच्या सोयीसाठी ‘बिलबोर्ड’ने जुलै १९६१ मध्ये ही वेगळी यादी सुरू केली. पुढे तिची नावे बदलत गेली आणि १९७९ मध्ये तिला ‘अ‍ॅडल्ट कंटेम्पररी’ हे आजचे नाव मिळाले. नाव कोणतेही असो, अट एकच होती. गाण्याने कुणाला त्रास देऊ नये. घरातली कामे चालू असताना ते मागे वाजत राहावे.

आता १९७२ हे वर्ष आठवा. व्हिएतनाम युद्ध चालूच होते. ८ जूनला दक्षिण व्हिएतनाममधल्या त्रांग बांग गावावर नापाम बॉम्ब पडले. अंगावरचे कपडे जळालेली, रस्त्यावरून किंचाळत धावणारी मुलगी साऱ्या जगाने छायाचित्रात पाहिली. १७ जूनला वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेली माणसे पकडली गेली. त्याच १७ जूनची तारीख असलेल्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर होते ‘द कँडी मॅन’, म्हणजे मिठाईवाल्याचे गाणे. मऊ गाण्यांच्या यादीतही ते नुकतेच शिखरावर जाऊन आले होते. देश जळत असताना लोक गोडाची गाणी ऐकत होते, असे म्हणून मोकळे होता येईल. पण ते गाणे गात कोण होते हे पाहिले की एवढी सोपी टीका करवत नाही.

गायक होते सॅमी डेव्हिस ज्युनिअर. काळ्या समाजात जन्मलेले आणि पुढे ज्यू धर्म स्वीकारलेले. त्यांच्या उमेदीच्या काळात लास वेगासच्या ज्या हॉटेलांत ते कार्यक्रम करत, तिथे काळ्या माणसाला खोली मिळत नसे. १९६० मध्ये त्यांनी माय ब्रिट या गोऱ्या अभिनेत्रीशी लग्न केले. केनेडींच्या प्रचारात ते राबले होते, तरी या लग्नाचा राजकीय त्रास नको म्हणून १९६१ च्या शपथविधी सोहळ्यात येऊ नका, असे त्यांना कळवण्यात आले. अशा माणसाच्या वाट्याला मुख्य यादीतला पहिला क्रमांक आयुष्यात एकदाच आला, तोही लहान मुलांच्या सिनेमातल्या चॉकलेट-मिठाईच्या गाण्यामुळे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायामीत रिपब्लिकन पक्षाच्या मेळाव्यात त्यांनी अध्यक्ष निक्सन यांना मिठी मारली. त्या छायाचित्रावरून काळ्या समाजातल्या अनेकांनी त्यांना गद्दार ठरवले. एका बाजूला तुम्ही कधीच पुरेसे आपले नसता आणि दुसऱ्या बाजूला लगेच परके होता. हे दुखणे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

याच यादीत त्या वर्षी ‘ब्लॅक अँड व्हाइट’ नावाचे गाणेही पहिल्या क्रमांकावर पोहोचले. थ्री डॉग नाइट या गोऱ्या गायकांच्या गटाने ते गायले होते. काळी आणि गोरी मुले एकत्र शिकतात, असा त्याचा आनंदी आशय. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा बालगीतच वाटले. नंतर त्याची कुळकथा वाचली.

मे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ खटल्यात शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली. त्या निकालाने भारावून डेव्हिड आर्किन यांनी शब्द लिहिले आणि अर्ल रॉबिन्सन यांनी चाल दिली. रॉबिन्सन हे डाव्या विचारांमुळे मॅकार्थी काळात काळ्या यादीत टाकले गेलेले संगीतकार. मूळ गाण्याच्या सुरुवातीच्या कडव्यात थेट न्यायालयाचा संदर्भ होता. न्यायाधीशांचे काळे झगे, त्यांचे पांढरे केस आणि काळ्या मुलांसाठी बंद असलेले शाळेचे दार त्यात होते. पीट सीगर यांनी १९५० च्या दशकात हे गाणे गायले आणि सॅमी डेव्हिस यांनीही गायले. तेव्हा ते शिखरावर गेले नाही. १९७१ मध्ये ग्रेहाउंड या रेगे गटाने इंग्लंडमध्ये ते नव्या ठेक्यात आणले आणि तिथून थ्री डॉग नाइटने उचलले. या प्रवासात न्यायालयाचे ते कडवे गळाले. मागे उरला केवळ गोड सलोखा. सप्टेंबर १९७२ मध्ये गाणे मुख्य यादीत पहिले आले आणि पुढे सौम्य यादीतही.

त्याच वर्षी मार्चमध्ये निक्सन यांनी शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी मुलांची बसमधून ने-आण करण्याच्या नव्या न्यायालयीन आदेशांना स्थगिती द्यावी, अशी मागणी काँग्रेसकडे केली होती. म्हणजे दिवाणखान्यात काळी-गोरी मुले एकत्र शिकत असल्याचे गाणे वाजत होते आणि बाहेर ती एकाच बसमध्ये बसावीत की नाही यावर निवडणुका लढवल्या जात होत्या. ज्यांना बस नको होती, त्यांनाही ते गाणे नक्कीच आवडले असेल. कुणावर जबाबदारी टाकणारा भाग त्यात उरलाच नव्हता.

यावरून सौम्य गाणी म्हणजे फसवणूक, असा निष्कर्ष काढला तर तो रॉबर्टा फ्लॅक यांच्यावर अन्याय होईल. वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठात पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून गेलेली ही मुलगी शास्त्रीय पियानो शिकली, मग शाळेत शिक्षिका झाली आणि रात्री क्लबमध्ये गाऊ लागली. इवान मॅकॉल यांनी १९५७ मध्ये पेगी सीगर यांच्यासाठी लिहिलेले ‘द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस’ हे प्रेमगीत त्यांनी १९६९ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये अतिशय संथ लयीत गायले. तेव्हा फार कुणी दखल घेतली नाही. १९७१ मध्ये क्लिंट ईस्टवुड यांनी ते आपल्या चित्रपटात वापरले आणि १९७२ च्या वसंतात ते सलग सहा आठवडे दोन्ही याद्यांच्या शिखरावर राहिले. त्या गाण्यात आवाज कुठेही चढत नाही, तरी तो कुणाच्या परवानगीची वाट पाहत असल्यासारखा वाटत नाही. हळू बोलणे ही फ्लॅक यांची स्वतःची निवड होती.

इतरही नवलाची उदाहरणे आहेत. त्या उन्हाळ्यात सहा आठवडे पहिले असलेले गिल्बर्ट ओ’सलिव्हन यांचे ‘अलोन अगेन’ ऐकायला हलकेफुलके आहे, पण त्यात लग्नाच्या दिवशी एकटा पडलेला तरुण आत्महत्येचा विचार करतो आणि देवाने मला का सोडले, असे विचारतो. नोव्हेंबरमध्ये निक्सन प्रचंड मतांनी पुन्हा निवडून आले, तेव्हा मुख्य यादीत पहिले होते जॉनी नॅश यांचे ‘आय कॅन सी क्लिअर्ली नाऊ’. टेक्सासच्या या काळ्या गायकाने जमैकाचा रेगे ठेका अमेरिकेच्या मध्यमवर्गीय घरात नेला. बॉब मार्ली हे नाव तिथे रुळण्याआधीची ही गोष्ट. हे गाणेही सौम्य यादीच्या शिखरावर गेले.

आणि मग आमच्या शाळेचे गाणे. त्याची चाल स्कॉटलंडच्या मल बेटावरची. तिच्यावर आधी गेलिक भाषेतले नाताळगीत गायले जाई. १९३१ मध्ये एलिनॉर फार्जन या इंग्रज बालसाहित्यिकेने तिच्यासाठी नवे शब्द लिहिले आणि ती चर्चच्या स्तोत्रसंग्रहात गेली. फार्जन यांचे वडील ज्यू होते. चाळीस वर्षांनी लंडनमधल्या ग्रीक सायप्रियट बापाच्या आणि स्वीडिश आईच्या मुलाने ती उचलली. पियानो रिक वेकमन यांनी वाजवला. क्षयाने मरता मरता वाचलेला तो तरुण गायक पुढे १९७६ मध्ये मालिबूच्या समुद्रात बुडता बुडता वाचला. त्याच सुमारास भावाने त्याला कुरआनचे भाषांतर भेट दिले. १९७७ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला. मग गिटारी विकून पैसा दान केला, लंडनमध्ये मुस्लीम मुलांसाठी शाळा काढली आणि पंचवीसेक वर्षे पॉप संगीतापासून दूर राहिला.

ज्या रेडिओने १९७२ मध्ये त्याला दिवाणखान्यात बसवले होते, त्याने पुढे त्याला बाहेरही काढले. १९८९ मध्ये सलमान रश्दींवरच्या फतव्याविषयी त्याने केलेल्या विधानांवर मोठे वादळ उठले आणि अमेरिकेतल्या काही केंद्रांनी त्याची गाणी वाजवणे थांबवले. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असे तो पुढे सांगत राहिला. मला ती विधाने आजही पटत नाहीत. तो आपला आहे म्हणून त्यांच्यावर पांघरूण घालायचे मला कारण दिसत नाही.

पण सप्टेंबर २००४ ची घटना वेगळी होती. लंडनहून वॉशिंग्टनला निघालेले त्याचे विमान वाटेतच मेन राज्यातल्या बँगोरला उतरवले गेले. प्रवाशांवर नजर ठेवणाऱ्या यादीत त्याचे नाव होते. त्याची चौकशी झाली आणि त्याला परत पाठवण्यात आले. एका यादीत पहिल्या क्रमांकावर असलेला आवाज बत्तीस वर्षांनी दुसऱ्या यादीत सापडला. मधल्या काळात नाव बदलले होते. २००६ मध्ये तो नवा अल्बम घेऊन संगीतात परतला आणि त्याच वर्षाअखेरीस त्याला पुन्हा अमेरिकेत प्रवेशही मिळाला.

हे सारे वाचताना माझ्या मनात ते गळालेले कडवे घोळत राहते. व्याख्यानानंतर कुणीतरी भेटायला येते आणि मनापासून म्हणते, “तुमचं मराठी ऐकून वाटतच नाही हो, तुम्ही मुस्लीम आहात म्हणून!” त्यांना कौतुकच करायचे असते. मीही हसून आभार मानतो. घरी येताना वाटते, यांनी गाणे पसंत केले, पण पहिले कडवे काढून. कितीदा तर ते मीच आधी काढून ठेवलेले असते. सलोख्याच्या कार्यक्रमात शीरखुर्मा, कव्वाली, संत शेख महंमद यांवर मी भरभरून बोलतो. मुस्लीम नाव सांगितले की भाड्याने घर मिळत नाही, हा विषय मात्र वेळेअभावी राहून जातो.

सौम्य बोलण्याला माझा विरोध नाही. माझाही आवाज मोठा नाही आणि घरात शिरायला कधीकधी तोच कामी येतो. १९७२ च्या त्या यादीने काळ्या शिक्षिकेला, जमैकाच्या ठेक्याला आणि एका भावी मुसलमानाला लाखो घरांत नेले, हे थोडे नाही. मात्र आत गेल्यावर आपले कोणते कडवे बाहेर राहिले, याची आठवण ज्याची त्याने ठेवायला हवी.

अब्बा आता थकले आहेत. गेल्या रमजानमध्ये सहरीनंतर मी मोबाइलवर हळू आवाजात ते शाळेचे गाणे लावले. ते बंद कर म्हणतील असे वाटले होते. ते म्हणाले, “आवाज जरा वाढव. शब्द नीट कळू देत.”