‘क्रांती’ : एका शब्दाचे अर्थांतर

‘क्रांती’ म्हणजे जुन्याचा उच्छेद आणि नव्याची उभारणी, हा अर्थ आज आम्हांस सनातन वाटतो. वस्तुतः तो दोन-अडीच शतकांचाच आहे. कोपर्निकसचा १५४३ सालचा ग्रंथ खगोलांच्या ‘रेव्होल्यूशन’विषयी होता. तेथे त्या शब्दाने ग्रहांचे नियत परिभ्रमण, फिरून मूळ स्थानी येणे, एवढेच अभिप्रेत होते. आमच्या ज्योतिषातील ‘क्रांती’ व ‘क्रांतिवृत्त’ हे शब्दही आकाशाचेच, हा योगायोग मोठा मौजेचा.

राजकारणात हा शब्द प्रथम तोच अर्थ घेऊन आला. इंग्लंडमधील १६८८ च्या क्रांतीचे समर्थक आपण प्राचीन हक्क परत मिळविले, असेच म्हणत. १७८९ नंतर फ्रान्सने मात्र मागे वळण्याची ही कल्पना टाकली, कालगणनाही नव्याने मांडली. ‘प्रतिक्रांती’ हा शब्द याच मंथनातला.

हे दोन्ही शब्द बाबासाहेबांनी प्राचीन भारताला लावले. त्यांच्या अपूर्ण हस्तलिखितात (ते महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केले) बुद्धाचा धम्म ही क्रांती आणि मौर्यांच्या उच्छेदानंतर पुष्यमित्र शुंगाने आरंभिलेली ती प्रतिक्रांती. तुलनेसाठी त्यांनी फ्रान्सचेच नाव घेतले आहे. उलट ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाकडून घेतली, असे त्यांनी निक्षून सांगितले. यात कोणास विसंगती दिसेल. आम्हांस दिसत नाही. शब्द युरोपचा, मापदंड धम्माचा. माणसाचे मन न पालटता केवळ बळाने आणलेला बदल टिकत नाही, हा त्यांचा मार्क्सवाद्यांवरील आक्षेप त्याच मापदंडातून आला आहे.

पालि सुत्तांत ‘क्रांती’ या राजकीय अर्थाचा शब्द आढळत नाही. भाषांतरकार तो सर्रास घालतात, ते आम्हांस रुचत नाही. तेथे उपदेश ऐकून शरण जाणारा माणूस पालथे पडलेले भांडे सुलटे केल्याची उपमा देतो. भांडे जुनेच, पण आता त्यात पाणी राहील. हे परत येणे म्हणावे की नवा आरंभ? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दोन्ही शेजारी-शेजारी आहेत : एकविसावी नव्या जन्माची, बाविसावी बुद्धाच्या शिकवणुकीप्रमाणे वागण्याची.