लोणारचं पाणी नेमकं कुणाच्या खात्यात?

जून 2020 मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं आणि देशभराचे कॅमेरे आपल्या बुलडाणा जिल्ह्यात आले. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने नमुने तपासायला लावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं, अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा हा रंग. पाणी आटलं, खारटपणा वाढला, म्हणून झालं. पाऊस पडला, रंग गेला, कॅमेरेही गेले.

पण कोर्टात 2009 पासून जी जनहित याचिका चालू होती, तिचं दुखणं रंगाचं नव्हतंच. विवराच्या काठावर वसलेल्या गावाचं सांडपाणी उताराने खाली जातं, हे ते दुखणं.

जरा मागे जाऊ. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पुढे बराच काळ सरोवर म्हणजे खार. दल्ला, पपडी, भुस्की ही त्या खाराच्या प्रकारांची नावं जुन्या माणसांना अजून आठवतात. सरकारची नजर होती ती उत्पन्नावर. 1973 मध्ये शास्त्रज्ञांनी हे उल्केच्या आघाताने झालेलं विवर असल्याचं पक्कं केलं, तेव्हा कुठं दृष्टी बदलली.

कायदे मात्र आपल्याकडे लवकर आले बरं का! देशाचा जलप्रदूषण कायदा 1974 चा, महाराष्ट्राचा त्याआधी 1969 चा. 1986 ला पर्यावरण संरक्षण कायदा, 2000 मध्ये लोणार अभयारण्य, 2020 मध्ये रामसर स्थळ. कागद भक्कम आहे.

मग अडतंय कुठं? सरोवर वनविभागाकडं, दैत्यसूदन मंदिर पुरातत्त्वकडं, गटारं नगर परिषदेकडं, प्रदूषण मंडळाचं ऑफिस वेगळं, पर्यटन आणखी वेगळं. नालीतल्या पाण्याला ही हद्द कळत नाही, ते सरळ खाली जातं. अधिकाऱ्यांना मात्र हद्द फार चांगली कळते. म्हणून प्रत्येक वेळी सगळ्यांना एका टेबलाशी बसवायला न्यायाधीशच लागतात, आणि हे काम कोर्टाचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

2022 मध्ये सुमारे 369 कोटींचा विकास आराखडा मंजूर झाला. त्यातले सांडपाण्यासाठी किती, आणि सुशोभीकरणासाठी किती? दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी या आठवड्यात टाकतोय. लोणारकरांनो, तुम्ही नगर परिषदेत आपल्या वॉर्डाची नाली कुठं जाते तेवढं विचारा. उत्तरं आली की इथंच टाकतो.