गोल्फच्या पिशवीतली डिजिटल साधने : काय घ्यावे, काय चालते

अमेरिकेत आल्यावर आपल्यापैकी अनेकांची गोल्फशी ओळख ऑफिसच्या आउटिंगमुळे होते, तर काहींची मुलगा किंवा मुलगी हायस्कूलच्या टीममध्ये गेल्यामुळे. क्लब, बॉल, बूट, ग्लोव्ह अशी खरेदी आटोपते न आटोपते तोच दुकानदार लेझर, घड्याळ आणि सेन्सर दाखवू लागतो. ही साधने नेमके काय करतात आणि स्पर्धेत त्यातले काय चालते, याची ही थोडक्यात माहिती.

अंतर मोजणारी साधने

कोणता क्लब घ्यायचा हे अंतरावर ठरते. पूर्वी खेळाडू १५० यार्डांच्या खुणेपासून पावले मोजत. आता त्यासाठी दोन प्रकारची साधने मिळतात.

लेझर रेंजफाइंडर झेंड्याच्या दिशेने डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. १५० यार्ड जाऊन यायला प्रकाशाला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो! मात्र झेंडा समोर दिसला पाहिजे.

जीपीएस घड्याळात किंवा फोनच्या अॅपमध्ये कोर्सचा नकाशा असतो. ग्रीनची पुढची कड, मध्य आणि मागची कड किती दूर आहे, हे ते सांगते. झाडामागूनही ते उपयोगी पडते. पण झेंड्याची जागा वरचेवर बदलते आणि ती साध्या जीपीएसला ठाऊक नसते. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली त्रुटी काढून टाकली. त्यानंतर ही साधने खऱ्या अर्थाने कामाची झाली.

लाँच मॉनिटर

हे यंत्र रडारने किंवा वेगवान कॅमेऱ्याने बॉलचा वेग, उडण्याचा कोन आणि फिरकी मोजते. डेन्मार्कची ट्रॅकमॅन ही रडारवाली कंपनी २००३ मध्ये स्थापन झाली. बॉल सुरुवातीला क्लब ज्या मार्गाने फिरतो त्या दिशेला जातो, असे पूर्वी बरेच प्रशिक्षक शिकवत. प्रत्यक्षात ती दिशा मुख्यतः क्लबचा फेस कुठे वळलेला आहे यावर ठरते, हे अशा मोजमापांमुळे सर्वांच्या लक्षात आले. नवे क्लब घेण्याआधी दुकानात या यंत्रासमोर फिटिंग करून घेणे केव्हाही चांगले.

क्लबची रचनाही आता संगणकावर होते. २०१९ च्या एपिक फ्लॅश ड्रायव्हरचा फेस ठरवताना कॅलवेने संगणकाकडून सुमारे १५,००० नमुने तपासून घेतले होते. तरीही ड्रायव्हरच्या डोक्याला ४६० घनसेंटिमीटरची मर्यादा आहे आणि फेसच्या लवचिकतेवरही नियम आहेत. त्यामुळे दरवर्षी नवा ड्रायव्हर घ्यायची गरज नाही.

नियम : इथे नीट लक्ष द्या

गोल्फचे नियम यूएसजीए आणि आर अँड ए या दोन संस्था ठरवतात. अंतर मोजणारी साधने २००६ पासून स्थानिक नियम असेल तरच चालत. २०१९ पासून उलट झाले : आयोजकांनी मनाई केली नसेल तर ती चालतात. २०२१ मध्ये पीजीए चॅम्पियनशिपसारख्या मोठ्या स्पर्धेतही त्यांना परवानगी मिळाली.

मात्र फेरी चालू असताना पुढील गोष्टींना मनाई आहे :

१. चढ-उतार मोजणे, म्हणजेच लेझरमधील ‘स्लोप’ सुविधा वापरणे. ही सुविधा साधनात असली तरी हरकत नाही, पण ती बंद ठेवावी लागते.
२. कोर्सवर उपकरणाने वाऱ्याचा वेग मोजणे. हवामानाचा अंदाज पाहायला मात्र हरकत नाही.
३. बॉल जिथे आहे तिथून कोणता क्लब घ्यावा, हा सल्ला अॅपकडून घेणे.

स्ट्रोक प्लेमध्ये पहिल्या चुकीला दोन फटक्यांचा दंड होतो. पुन्हा नियम मोडला तर खेळाडू स्पर्धेतून बाद होतो. दिवसभर उत्तम खेळलेल्या मुलाला एका बटणासाठी बाद व्हावे लागू नये, म्हणून स्पर्धेचे पत्रक आईवडिलांनीही वाचावे. फोनबाबत आयोजकांचे वेगळे नियम असू शकतात.

हँडिकॅप

२०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू झाली. शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांवरून हँडिकॅप निघतो. स्कोअर फोनवरून भरता येतो आणि हिशोब आपोआप होतो. इथे ‘स्लोप रेटिंग’ हा शब्द भेटतो, पण त्याचा लेझरच्या स्लोपशी संबंध नाही. सामान्य खेळाडूला कोर्स किती अधिक अवघड जातो, ते या आकड्यावरून कळते. तो ५५ ते १५५ असतो आणि ११३ हा प्रमाण मानला जातो.

काय घ्यावे?

नवशिक्यांनी फोनवरच्या मोफत अॅपने सुरुवात करावी. खेळात गोडी टिकली तर घड्याळ घ्यावे. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांसाठी स्लोप बंद करता येणारा आणि तो बंद असल्याचे बाहेरून दिसणारा लेझर निवडावा. वाढत्या वयाच्या मुलांना मात्र महागड्या सेन्सरपेक्षा उंचीला साजेसे क्लब आधी द्यावेत. आणि पहिल्या टीवर जाण्याआधी स्लोपचे बटण बंद आहे ना, हे एकदा पाहायला सांगावे.