घड्याळाविरुद्धची शर्यत: मानखुर्दच्या वाटेवरील ऑफ-रोड दुचाकी स्पर्धांचा इतिहास

मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात ऑफ-रोड मोटरसायकल शर्यतींचा, म्हणजे डांबरी सडक सोडून माती, खडी, चिखल आणि चढउतार यांवरून होणाऱ्या दुचाकी स्पर्धांचा, इतिहास शोधू लागले असता तो कोण्या एका मैदानाच्या दप्तरात सापडत नाही. शहराची हद्द ज्या काळी जिथे संपत होती, तिथे तिथे तो विखुरलेला आहे. मानखुर्द हे अशा हद्दीवरचे गाव. ट्रॉम्बे द्वीपकल्पाच्या तोंडाशी वसलेल्या या गावाच्या पूर्वेस खाजणे, मिठागरे आणि त्यांपलीकडे ठाण्याची खाडी असल्यामुळे दीर्घकाळ मुंबईचा रस्ता व्यवहारतः इथेच संपत असे, आणि पुण्याला किंवा कोकणात मोटारीने निघालेल्या माणसाला ठाणे, मुंब्रा असा वळसा घेऊन पनवेल गाठावे लागे. १९७३ साली खाडीवरचा पूल वाहतुकीस खुला झाला, शीव-पनवेल मार्ग सलग झाला आणि शेवटाचे गाव वेशीचे गाव बनले. रेल्वेला मात्र आणखी जवळजवळ दोन दशके लागली. हार्बर मार्गावरच्या गाड्या १९९२ पर्यंत मानखुर्दलाच थांबून माघारी फिरत. दुचाकी स्पर्धांच्या इतिहासात मानखुर्दला जे स्थान आहे ते धावपट्टीमुळे नव्हे, तर या वाटेमुळे.

दोघा मित्रांनी गाड्या घेऊन मातीत उतरावे आणि कोण सरस ते एकदाचे ठरवावे, ही इच्छा सगळीकडे सारखीच असते. ती कोणत्या रूपाने पुरी होते, हे मात्र बव्हंशी उपलब्ध जमिनीवर ठरते. ऑफ-रोड स्पर्धेची दोन मुख्य रूपे आहेत. पहिले मोटोक्रॉसचे: साधारण दीड-दोन किलोमीटरचे, उड्या आणि वळणे असलेले मातीचे बंदिस्त वर्तुळ, सुरुवातीला एका ओळीत उभे असलेले वीस ते चाळीस स्वार, समोरचे लोखंडी गेट पडताच सर्वांची एकदम झेप, आणि पहिल्या वळणावर सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला मिळणारा ‘होलशॉट’ हा मान. दुसरे रूप रॅलीचे: लांबचा मार्ग, त्यातले काही टप्पे इतर वाहतुकीला बंद करून राखलेले, आणि प्रत्येक स्वार ठरावीक अंतराने एकेकटा सोडलेला. पहिल्या प्रकारात मित्र कोपराला कोपर लावून धावतात. दुसऱ्यात ते एकमेकांना धावताना पाहतसुद्धा नाहीत, त्यांची गाठ पडते ती कागदावरच्या वेळांमध्ये. मुंबईच्या परिसरात हे दुसरे रूप अधिक रुजले, आणि त्याचे कारण स्वारांच्या स्वभावात नसून जमिनीच्या हिशेबात आहे.

महाराष्ट्राला हा भेद मोटरसायकलीच्या आधीपासून ठाऊक आहे. पुणे जिल्ह्याच्या खेड-जुन्नर भागातील घाटात, म्हणजे शर्यतीसाठी तयार केलेल्या चढाच्या धावपट्टीवर, बैलगाडा एकेकटा सोडला जातो आणि त्याची ‘बारी’ किती सेकंदांत पार पडली यावर क्रम लागतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूला मात्र गाड्या शेजारी-शेजारी पळवण्याची रीत आहे. दोन्ही ठिकाणी स्पर्धक बहुधा एकमेकांच्या ओळखीतले, सोयरे किंवा शेजारगावचे असतात, परंतु हरण्याची तऱ्हा वेगळी असते. शेजारी पळणाऱ्या गाड्यांमधला निकाल सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो. घड्याळाने लावलेल्या निकालावर मात्र गावी परतेपर्यंत वाद घालता येतो, आणि या सोयीची लोकांना गोडी असावी असे मानायला जागा आहे.

युरोपातही आधी घड्याळाची शर्यत आली आणि झुंडीची नंतर. आल्फ्रेड अँगस स्कॉट या इंग्रज मोटरसायकल उत्पादकाने १९१४ साली यॉर्कशायरमधील शिप्ली येथील आपल्या कारखान्याच्या कामगारांसाठी डोंगरवाटांवरची एक चाचणी ठेवली. एकाच छताखाली काम करणाऱ्या माणसांनी आपणच बनवलेल्या गाड्यांवर एकमेकांशी लावलेली ही पैज पुढे ‘स्कॉट ट्रायल’ म्हणून नावारूपाला आली. तिच्यात वेळेबरोबर कौशल्याचेही गुण मोजले जात, म्हणजे अवघड जागी पाय जमिनीला टेकवला तर गुण जात. १९२४ मध्ये सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे दक्षिणेकडील मंडळींनी हा कौशल्याचा भाग वगळून केवळ वेगावर निकाल लावणारी स्पर्धा घेतली. तिला ‘स्क्रॅम्बल’ म्हटले गेले आणि आजचे मोटोक्रॉस हे तिचेच वंशज होय. भारतात मोटारींच्या स्पर्धांची सुरुवातही चाचणीनेच झाली: डिसेंबर १९०४ मध्ये दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची विश्वासार्हता-चाचणी निघाली. सर्वांत वेगवान गाडी कोणती, हा तिचा मूळ प्रश्न नव्हता. खडी आणि धूळ यांच्या त्या काळच्या रस्त्यांवरून गाडी न मोडता पोहोचते की नाही, हे पाहायचे होते. त्या अर्थाने तेव्हाचा प्रत्येक लांबचा प्रवास ऑफ-रोडच होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत वेगाच्या शर्यती झाल्या त्या जुहूच्या विमानतळावर, म्हणजे पक्क्या धावपट्टीवर. मातीतल्या दुचाकी स्पर्धेला लागणारी पहिली वस्तू, म्हणजे चिखलात घालायला परवडेल अशी दुचाकी, सामान्य मुंबईकराजवळ तेव्हा नव्हतीच. मुंबईच्या उपनगरात, भांडुपला, ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी इटालियन परवान्याने लॅम्ब्रेटा स्कूटर बनवत असे. आकुर्डीला बजाज ऑटोचा कारखाना होता आणि १९७२ पासून तिथली ‘चेतक’ मध्यमवर्गाच्या घरोघरी पोहोचू लागली. परंतु परवाना-राज्यात उत्पादनावर मर्यादा होती, स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि अशा प्रतीक्षेनंतर दारात आलेली गाडी हार घालून पुजली जाई. तिला पावसात डोंगरावर नेऊन आपटण्याचा विचार घरच्यांच्या कानावर घालणे हेच मोठे धाडस ठरले असते. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या भागीदारीतून शंभर सीसीच्या हलक्या मोटरसायकली आल्या, गियर नसलेली कायनेटिक होंडा आली, प्रतीक्षायादी विरत गेली आणि घरातली जुनी स्कूटर मोकळी झाली. मातीतल्या हौशी स्पर्धेचा पाया या जुन्या, पैसे फिटलेल्या गाड्यांनी घातला.

तिला लागणारी दुसरी वस्तू जमीन, आणि ती पुलापलीकडे होती. मार्च १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईचे आराखडे आखताना नोडांची, म्हणजे स्वयंपूर्ण उपनगरांची, कल्पना मांडली. प्रत्यक्षात घरांच्या आधी रस्त्यांच्या रेषा, फोडलेल्या टेकड्या, भराव आणि खाणी तयार झाल्या आणि कित्येक वर्षे तशाच राहिल्या. नगररचनेच्या दृष्टीने ही अर्धवट अवस्था होती. शर्यतीच्या दृष्टीने याहून चांगली जमीन मागूनही मिळाली नसती. १९९० च्या दशकात या परिसरात जिने मूळ धरले आणि जी पुढे ‘गल्फ मॉन्सून स्कूटर रॅली’ या नावाने ओळखली गेली, ती केवळ स्कूटरसाठी असलेली पावसाळी स्पर्धा हे त्याचे ठळक उदाहरण होय. जगात ऑफ-रोड स्पर्धा म्हटली की उंच, लांब सस्पेन्शनच्या, नॉबी टायरच्या, म्हणजे खोल गुठळ्यांच्या टायरच्या मोटरसायकली डोळ्यांसमोर येतात. इथे दूध-भाजी आणण्याची गाडी भर पावसात डोंगरउतारावर उतरवली गेली.

ही निवड दिसते तितकी विनोदी नाही. स्कूटरचे चाक लहान, चेतकचे दहा इंचांचे, त्यामुळे मोटरसायकल जो खड्डा ओलांडून जाते त्याच खड्ड्यात स्कूटरचे पुढचे चाक बसते आणि हँडल हातातून निसटू पाहते. व्हेस्पाच्या रचनेवर आधारलेल्या बजाजमध्ये इंजिन उजव्या अंगाला असते, म्हणून गाडीचा भार एका बाजूला झुकलेला राहतो आणि निसरड्या उतारावर स्वाराला सतत डावीकडे वजन टाकून तो सावरावा लागतो; लॅम्ब्रेटात इंजिन मधोमध असल्यामुळे तिचा तोल या बाबतीत बरा. गियर डाव्या मुठीत, त्याच मुठीवर क्लच, मागचा ब्रेक उजव्या पायाखाली: चिखलात पाय बाहेर काढून टेकवावा तर ब्रेक सुटतो, पाय ब्रेकवर ठेवावा तर गाडी आडवी होते. पुढे आलेल्या बिनगियरच्या गाड्यांनी पाय मोकळे केले, तथापि उतारावर खालचा गियर टाकून वेग आवरण्याची सोय त्यांत उरली नाही.

रॅलीची रीत थोडक्यात अशी. आदल्या दिवशी ‘स्क्रुटिनी’, म्हणजे गाडी आणि हेल्मेट नियमात बसतात की नाही याची तपासणी, होते. स्वाराला ‘टाइम कार्ड’ मिळते, आणि मार्गावरील नियंत्रण-नाक्यांवरचे अधिकारी त्यावर वेळ लिहून देतात. मार्ग दोन प्रकारच्या तुकड्यांनी बनतो. ‘ट्रान्सपोर्ट’ हा साध्या रस्त्यावरचा जोड-तुकडा. तिथे वाहतुकीचे सर्व नियम पाळून दिलेल्या वेळेतच पोहोचायचे असते, उशिराप्रमाणेच लवकर पोहोचण्यालाही दंड असतो. ‘स्पेशल स्टेज’ हा बंद केलेला वेगाचा तुकडा. तिथे एकेका स्वाराला, बहुधा एकेका मिनिटाने, सोडले जाते आणि लागलेले सेकंद मोजले जातात. त्यामुळे दोन मित्र ट्रान्सपोर्टच्या तुकड्यात शेजारी-शेजारी, गप्पा मारत, सिग्नलला थांबत जातात आणि स्टेजच्या तोंडाशी येताच एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात. कोणाला आधी सोडले गेले यालाही महत्त्व असते: पावसात पहिल्याला अखंड पृष्ठभाग मिळतो आणि मागून येणाऱ्यांना त्याच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून धडपडत जावे लागते, तर कोरड्या, भुसभुशीत खडीवर पहिला स्वार वाट झाडून देतो आणि तिचा फायदा मागच्याला होतो. निकालावरचे मित्रांचे वाद बहुतेक या एका मुद्द्यावर रंगतात, आणि ते अगदीच निराधार नसतात.

या स्पर्धा खाडीच्या अलीकडे का रुजू शकल्या नाहीत, याची कारणे कायद्यातही आहेत. सार्वजनिक ठिकाणी शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड इतकी वाढवली. पूर्व उपनगरांतील रुंद रस्त्यांवर रात्री लागणाऱ्या चोरट्या पैजा याच कलमात येतात, आणि त्यांची गल्लत ऑफ-रोड स्पर्धेशी केली जाते हे त्या खेळाचे दुर्दैव. मानखुर्दच्या बाजूची मोकळी जमीन म्हणजे खाजण. तिला १९९१ च्या किनारी नियमन अधिसूचनेने आणि २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी संरक्षण दिले, आणि २०१५ मध्ये ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. कांदळवनात नॉबी टायर फिरू नयेत हे योग्यच झाले. पलीकडचे नोडही जसजसे भरत गेले, तसतशा तिथल्या टेकड्या इमारतींखाली गेल्या आणि स्पर्धेला आणखी लांबची माती शोधावी लागली.

खेळाचे मोटोक्रॉसचे रूप याच काळात पुणे, नाशिक, कोल्हापूर या शहरांत वाढले, कारण तिथे वर्तुळाला पुरेल एवढे सपाट माळरान शिल्लक होते आणि पुण्यात दुचाकी-उद्योगामुळे कुशल मेकॅनिकही होते. त्याचे स्टेडियममधले भावंड म्हणजे सुपरक्रॉस: मैदानात ट्रकांनी माती आणून ओतायची, तिच्यापासून उंचवटे रचायचे आणि प्रेक्षकांना एका जागी बसून सगळी शर्यत दिसेल अशी सोय करायची. २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाली. संघ, लिलाव आणि परदेशी स्वार यांमुळे तिथे मैत्रीची पैज व्यवसायात बदलली, हा त्या रूपाचा स्वाभाविक शेवट म्हणता येईल.

रॅलीने मात्र मैत्रीचा अंश नियमातच सामावून घेतला आहे. डकार रॅलीत, जी १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून आफ्रिकेकडे निघाली आणि २०२० पासून सौदी अरेबियात होते, जखमी स्पर्धकाला मदत करण्यासाठी जो थांबतो त्याचा गेलेला वेळ परत दिला जातो. १२ जानेवारी २०२० रोजी हिरो मोटोस्पोर्ट्स या भारतीय संघाचा पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्विस वाळवंटात कोसळला, तेव्हा मागून येणारा, दोनदा डकार जिंकलेला टोबी प्राइस स्वतःची शर्यत सोडून त्याच्याजवळ थांबला. गोन्साल्विस वाचला नाही. जिथे स्वार एकेकटे धावतात आणि पुढच्या मिनिटाला मागून येणारा प्रतिस्पर्धी हाच जवळचा एकमेव माणूस असतो, तिथे असा नियम नसता तर घड्याळाची शर्यत टिकलीच नसती.

मुंबईच्या स्वाराची वाट मात्र अजून जुनीच आहे. पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही मनाई आहे. म्हणून पनवेल, खोपोली, खंडाळा या बाजूला निघालेल्या शहरातल्या दुचाकीस्वाराला मानखुर्दहून वाशीच्या पुलावरूनच जावे लागते, किंवा उत्तरेला राहत असेल तर ऐरोलीच्या पुलावरून. त्यातही दोन तऱ्हा आहेत. मोटोक्रॉसच्या गाडीला दिवा नसतो, नंबरप्लेट नसते, नोंदणी नसते, म्हणून ती रस्त्यावर चालवता येत नाही आणि टेम्पोत दोऱ्यांनी बांधून न्यावी लागते; रॅलीची स्कूटर नोंदणी झालेली असल्यामुळे स्वतःच्या चाकांवर पूल ओलांडून जाते आणि मोडली नाही तर तशीच परत येते.