वजनांविना चाकांचे संतुलन : ऑफ-रोड टायरमधील मण्यांची पद्धत

चाकाची एक बाजू किंचित जरी जड असली, तरी वेगात कंपने निर्माण होतात. स्टिअरिंग थरथरते आणि टायर असमान झिजतो. सामान्य मोटारीत रिमवर शिशाचे, जस्ताचे वा पोलादाचे छोटे तुकडे बसवून हा दोष दूर केला जातो. ३५ इंच किंवा त्याहून मोठ्या ऑफ-रोड टायरना मात्र पुष्कळदा अधिक वजन लागते आणि दगड-चिखलाच्या माऱ्याने हे तुकडे निखळतात.

यावर पर्याय म्हणून टायरच्या पोकळीत सिरॅमिक, काच किंवा प्लास्टिकचे बारीक मणी सोडले जातात. वेग वाढताच ते टायरच्या आतील पृष्ठभागावर पसरतात. चाकाच्या फेऱ्यांची गती सस्पेन्शनच्या नैसर्गिक कंपनगतीपेक्षा वाढली, की मणी जड भागाच्या विरुद्ध दिशेला सरकतात व तोल साधतात. टायर झिजला किंवा रिममध्ये चिखल साचला, तरी मणी नवी जागा घेतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कमी वेगात तिचा उपयोग होत नाही. आत ओलावा असल्यास मणी एकमेकांना चिकटतात. ते व्हॉल्व्हमध्ये अडकून हवा गळू नये, यासाठी जाळीचा व्हॉल्व्ह वापरतात. वाकलेली रिम किंवा गोलाई बिघडलेला टायर मण्यांनी सुधारत नाही. त्यामुळे थरथर कायम राहिल्यास मणी वाढवण्याऐवजी रिम, टायर आणि स्टिअरिंगचे सांधे तपासून घेणे आवश्यक ठरते.