खानापुरात सुटलेले विषय

एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागला की आमच्या पडवीत पोरं येऊन बसतात. यंदा भाची आली. हातात पीयूचा, म्हणजे अकरावीचा, फॉर्म, पेनाचं टोपण दातात. "मामा, मॅथ्स सोडू काय? सायन्स पाहिजे, खरं मॅथ्स जमायचं नाही." आमच्या इकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे पुण्याच्या वाचकांसाठी.

मी पस्तीस वर्षं मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवलं, तेव्हा मी 'सोडू नको' म्हणणार हे तिला ठाऊक होतं. मी स्वतः एकदा गणित सोडलं होतं, हे मात्र घरात कुणी तिला सांगितलेलं नव्हतं.

विषय सोडायची रीत आमच्या घरात जुनी. वडील व्हर्नाक्युलर फायनल झाले तेव्हा खानापूर तालुका मुंबई राज्यात होता. फायनल पास म्हणजे प्राथमिक शाळेत मास्तर होण्याइतकी विद्या. पुढे मॅट्रिकला जायचं तर इंग्रजी हवं. त्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला विकत आणली, दहा-बारा धडे गिरवले आणि माळ्यावर टाकली. मग १ नोव्हेंबर १९५६ आला आणि तालुका म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी, नंदगड आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावं असं सुचवलं, पण बेळगाव द्यायचं नाही म्हटल्यावर महाराष्ट्राने तो अहवाल झिडकारला. आम्ही होतो तिथेच राहिलो. १९७३ मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं, तेव्हा मी तिसरीत होतो. शाळा मराठीच राहिली, फक्त पुस्तकं बालभारतीची नसत, बेंगळुरूहून मराठीत छापून येत.

१९८१ साली एसएसएलसी झालो. गणितात तालुक्याच्या मानाने बरे गुण होते, म्हणून बेळगावच्या एका कॉलेजात सायन्स घेतलं. सकाळची मीटरगेजवरची पॅसेंजर, मग इदलहोंड, देसूर, बेळगाव. पावसात डब्याच्या खिडक्या लागत नसत आणि वह्या पोटाशी धरून बसावं लागे. वर्गात सगळं इंग्रजीतून. एके दिवशी सरांनी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला आणि तिरप्या बाजूला 'हायपोटेनस' म्हणाले. मी लिहून घेतलं: कर्ण. थोड्या वेळाने आयत काढून कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारली, तिला 'डायगनल' म्हणाले. आता हाही आमचा कर्णच! मी उभा राहून मराठीत विचारलं, "सर, दोन्ही कर्ण, मग नावं दोन का?" वर्ग हसला. सरही हसले आणि 'मराठी मीडियम?' एवढं म्हणून पुढे गेले. उत्तर काही मिळालं नाही. ऑगस्टात अर्ज देऊन मी आर्ट्सला गेलो. घरी सांगितलं, गणित अवघड आहे.

अवघड काय होतं ते मला गाडीत कळलं. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर रोज आमच्याच डब्यात असे. शिक्षण सातवी नापास. टेपर काढताना कंपाउंड स्लाइड किती अंशाने फिरवायची, हे तो सिगारेटच्या पाकिटावर मांडायचा. मोठ्या व्यासातून लहान व्यास वजा, भागिले लांबीची दुप्पट, मग टॅनच्या कोष्टकात बघायचं. मी म्हटलं, "हे तर त्रिकोणमितीतलं स्पर्शक गुणोत्तर." तो म्हणाला, "असंल बा. आमी टॅन म्हनतो." स्पर्शक म्हणा नाहीतर टॅन म्हणा, त्याचा कोन बरोबर यायचा.

त्या आठवड्यात मी शंभरपानी वहीत रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे लसावि, उजवीकडे एलसीएम. गुणोत्तर, रेशो. बहुपदी, पॉलिनॉमिअल. कर्णापुढे दोन शब्द लिहून कंस केला. वर्ष वाया गेलं, पण १९८२ च्या जूनमध्ये पुन्हा पहिल्या पीयूला सायन्सला बसलो. त्याच वर्षी बेंगळुरात गोकाक अहवालासाठी मोठं आंदोलन पेटलं होतं. शाळेत पहिली भाषा कन्नडच हवी, ही त्यातली मागणी. त्याचे चटके आम्हाला १९८६ साली बसले. जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्ध बेळगावात आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दरवर्षी १ जूनला आम्ही फुलं वाहतो. मी तेव्हा बीएस्सीला होतो, मीही रस्त्यावर होतो आणि त्याचा पस्तावा नाही. खरं, दहावीनंतर मराठीतून एकदम इंग्रजीत पडणाऱ्या पोरासाठी आम्ही कधी मोर्चा काढला नाही. त्या पडण्याला गणित अवघड म्हणायची सवय लागली ती लागलीच.

पलीकडे महाराष्ट्रात सोय वेगळी आहे. जुन्या अकरावीच्या एसएससीला बीजगणित-भूमिती टाळून नुसत्या अंकगणितावर पुढे जाता येई. आजही तिथे बारावी सायन्सला गणित किंवा जीवशास्त्र यांतलं एक सोडून चालतं. आमच्या पीयूत पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी) म्हणजे बांधलेली मोळी. गणिताशिवाय सायन्स देणारी कॉलेजं थोडी, त्यामुळे खानापूरच्या मुलीने मॅथ्स सोडलं की बहुधा सायन्सच सुटतं. आणखी एक गोष्ट पालकांना माहीत नसते. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांना वेगळ्या वर्गातून अर्ज करता येतो. त्याला बहुतेक शाखांत बारावीचं गणित लागतं.

हल्ली पोरं गणित ठेवतात आणि पीयूत मराठी सोडतात. गुण जास्त पडतात म्हणून हिंदी नाहीतर संस्कृत. मला ते बोचतं. पण नव्वद टक्क्यांच्या मागे लागलेल्या पोराला कोण आणि कुठल्या तोंडाने सांगणार?

भाचीला मी सोड किंवा ठेव असं काहीच सांगितलं नाही. बहुपदीचं एक उदाहरण मराठीतून घातलं, तिने पाच मिनिटांत सोडवलं. तेच इंग्रजीतून घातलं, तर पहिल्या ओळीतच अडकली. मग माळ्यावरून वही काढून दिली. फॉर्मवर तिने पीसीएमबी लिहिलं, ते अजून तरी खोडलेलं नाही.

वही आता एकशे चाळीस पानांची झाली आहे, मधली पानं नंतर शिवून घातली. तालुक्यातल्या कुठल्याही शाळेला ती हवी असेल तर खुशाल घेऊन जावी. झेरॉक्स काढावी आणि मूळ वही दहावीचा निकाल लागायच्या आत परत करावी. पोरं त्यानंतरच येतात.