पाप-पुण्याची वही

बुद्धिबळाचा पट चौसष्ट घरांचा. संगणकावरच्या काही खेळांचा पट मात्र एक अख्खा मुलूख असतो. त्यात गावे, बाजार, डोंगर, समुद्र. खेळणाऱ्याने वाटेल तिकडे भटकावे. असा मुलूख रचायचा कसा? नुसता नकाशा काढून भागेल का?

अमेरिकेतील रिचर्ड गॅरियट यांनी १९८१ पासून ‘अल्टिमा’ नावाचे असे खेळ काढले. त्यांत दुष्टाचा नाश केला की खेळ जिंकला. पण गॅरियट यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. जिंकण्याच्या घाईत खेळणारे दुकाने लुटत, निरपराध माणसांनाही मारत. आणि शेवटी वीर म्हणून त्यांचाच गौरव! हा कसला वीर?

म्हणून १९८५ साली आलेल्या चौथ्या ‘अल्टिमा’त मारायला मुख्य शत्रूच ठेवला नाही. खेळणाऱ्याने स्वतःच ‘अवतार’ व्हायचे. शब्द आपल्या ओळखीचाच आहे! त्यासाठी प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवायचे.

आता मौज पाहा. या जगात जडीबुटी विकणारे दुकानदार आंधळे आहेत. ते किंमत सांगतात, पैसे मोजून तुम्ही द्यायचे. कमी दिले, तरी माल मिळतो. कोणी ओरडत नाही, शिपाई धावत नाही. पण खेळाच्या पोटातल्या वहीत प्रामाणिकपणा घटल्याची नोंद होते. भिकाऱ्याला दान दिले, तर करुणा वाढते. राजवाड्यातल्या द्रष्ट्याला विचारले, की तो आपण कुठवर आलो ते सांगतो. तिथे लबाडी उघडी पडते!

या जगाचा नकाशा २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ घरांचा. पुढे याहून कितीतरी मोठी जगे झाली. पण माणसाच्या वागण्याची आठवण जे जग ठेवत नाही, ते कितीही विस्तीर्ण असले तरी पडद्यावर रंगवलेले चित्रच, नाही का?

गुरुजी, तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. मुलांना वहीच्या कागदावर एक गाव रचायला सांगा. नदी, पार, बाजार त्यांना हवा तिथे मांडू द्या. मग एवढेच विचारा: ‘बाळांनो, तुमच्या गावात आंधळ्या दुकानदाराला कोणी फसवलं, तर पुढं काय होतं?’ खरे गाव तिथून पुढे वसू लागेल.